औषध कोणत्या कडीला हात घालतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुदामा नगरातल्या एका मराठी घरातला मुलगा किरगिझस्तानात एमबीबीएस करून इंदूरला परतला. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांना द्यावी लागणारी एफएमजीई परीक्षा दुसऱ्यांदा दिली, ३०० पैकी १४१ मिळाले. पास व्हायला १५० लागतात. पुढच्या परीक्षेला दहा आठवडे उरलेत. तो विचारतो: “काकू, पॅथॉलॉजी आणि फार्मा तीनदा वाचून झालं. वाचताना सगळं कळतं, पण प्रश्न समोर आला की दोन पर्यायांत अडकतो आणि नेमका चुकीचा निवडतो. रिव्हिजन कशी करू? भंवरकुआँचा क्लास पुन्हा लावू का?”

माझं उत्तर:

तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, “वाचताना सगळं कळतं.” गाडी इथेच अडली आहे. पुस्तक उघडं असताना कळणं वेगळं आणि पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर तेच उभं करता येणं वेगळं. मी एकतीस वर्षं इंदूरला मेडिसिनची प्रॅक्टिस करते आहे. गेली बारा-तेरा वर्षं रविवारी सकाळी परदेशातून शिकून आलेली चार-सहा मुलं माझ्याकडे अभ्यासाला बसतात. १३५ ते १४९ च्या मधे अडकलेल्या मुलांची माहिती कमी पडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्यांच्याकडे रोगाची माहिती एका कप्प्यात असते, औषधाची दुसऱ्या कप्प्यात आणि साइड इफेक्टची यादी तिसऱ्या. प्रश्न या तिन्हींच्या मधल्या भिंतीवर येऊन बसतो.

आधी पेपरचा हिशेब मांडू. प्रत्येकी १५० प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येक भागाला १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. विषयवार वाटणीत पॅथॉलॉजीला, म्हणजे रोगशास्त्राला, १३ आणि फार्माकॉलॉजीला, म्हणजे औषधशास्त्राला, १३. हे आकडे बघून पुष्कळ मुलं म्हणतात, एवढ्याशा मार्कांसाठी दोन जाडजूड पुस्तकं कशाला, आणि मेडिसिनचे ३३, स्त्रीरोग-प्रसूतीचे ३०, बालरोगाचे १५ यांच्या मागे लागतात. पण मेडिसिनचा प्रश्न कसा येतो ते बघ: रक्तदाबाची गोळी सुरू करून तीन आठवडे झाले, पेशंटला कोरडा खोकला लागला, छाती स्वच्छ आहे, आता काय बदलाल? हा प्रश्न मेडिसिनच्या खात्यात मोजला जातो, उत्तर मात्र ब्रॅडिकायनिन या शरीरातल्या रसायनात आहे. म्हणून २६ मार्कांसाठी वाचतोय असं मनात आणू नकोस. रोग कसा घडतो आणि औषध कुठे काम करतं, हे धरून ठेवलंस तर तुझे नऊ मार्क इतर विषयांतूनच निघतील.

आता एक गोष्ट सांगते. त्या रात्रीपासून माझी वाचायची पद्धत बदलली.

मी इंटर्न होते, माळव्यातल्या एका लहान सरकारी रुग्णालयात. पावसाळ्याचे दिवस. सोयाबीनवर फवारणी करून आलेल्या शेतकऱ्याला घरच्यांनी ट्रॅक्टरवर घालून आणलं. घामाने निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी ४८, छातीत घरघर. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाचं विष, म्हणजे ॲट्रोपिन द्यायचं, हे मला पाठ होतं. दिलं. थोड्या वेळाने बाहुल्या मोठ्या झाल्या, नाडी ११६ वर गेली. “ॲट्रोपिनने नाडी वाढते” ही यादीतली ओळ आठवली, मी घाबरले आणि औषध कमी केलं. तासाभरात छाती पुन्हा भरली, ओठ निळे पडायला लागले. झोपेतून उठून आलेल्या सीनियरनी आधी डोस वाढवला, मग स्टेथोस्कोप माझ्या कानात घालून विचारलं, “तू ॲट्रोपिन कशासाठी देते आहेस? बाहुल्यांसाठी? नाडीसाठी? हा आवाज कोरडा होईपर्यंत द्यायचं असतं.” मग पेशंटच्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, “आणि ही स्नायूंची फडफड ॲट्रोपिनने थांबणार नाही. का, ते सकाळपर्यंत शोधून ठेव.” तो शेतकरी वाचला, नवव्या दिवशी चालत घरी गेला. त्या तासाभराची मला अजून आठवण येते.

सकाळपर्यंत मी जे शोधलं, ते तुझ्यासाठी मांडते. ॲसिटिलकोलिन हा निरोप्या आहे. निरोप पोचला की एक एन्झाइम त्याला तिथल्या तिथे मोडून टाकतं. विष त्या एन्झाइमलाच बांधून ठेवतं, त्यामुळे निरोप्या मरत नाही, दार ठोठावतच राहतो. दारं दोन प्रकारची. ग्रंथी, श्वासनलिका, आतडं, बाहुली आणि हृदय इथे मस्करिनिक. हाडांना जोडलेल्या स्नायूंवर निकोटिनिक. ॲट्रोपिन फक्त मस्करिनिक दारं बंद करतं. म्हणून लाळ थांबते, छाती मोकळी होते, पण स्नायूंची फडफड आणि पुढे येणारा लुळेपणा तसाच राहतो. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो. प्रॅलिडॉक्सिम हे दुसरं औषध एन्झाइमवरचं विष सोडवतं, म्हणून ते दोन्ही दारांच्या उपयोगी. मात्र ते लवकर द्यावं लागतं, कारण वेळ गेला की विषाची पकड कायमची होते. परीक्षेच्या भाषेत यालाच ‘एजिंग’ म्हणतात. या एका साखळीतून किती प्रश्न निघतात, मोजून बघ: ॲट्रोपिन पुरेसं झालं हे कशावरून ठरवाल, ॲट्रोपिनने काय सुधारणार नाही, प्रॅलिडॉक्सिम उशिरा दिलं तर का चालत नाही, मृत्यू कशाने होतो. पाठांतराची चार उत्तरं, साखळीचं एकच.

आता तीच बाहुली दुसऱ्या पेशंटमध्ये बघ. मंदसौर-नीमचकडे परवाना घेऊन अफूची शेती होते, नीमचला सरकारी अफू कारखाना आहे. डोडाचुऱ्याची, म्हणजे अफूच्या बोंडांच्या भुकटीची, सवय लागलेली माणसं आमच्याकडे येतात. त्यांच्याही बाहुल्या टाचणीएवढ्या. दोन्हीकडे बाहुली बारीक, मग अफूवरचा उतारा नॅलॉक्सोन की ॲट्रोपिन? इथेच तू दोन पर्यायांत अडकतोस. अफूत बाहुली आकसते ती मेंदूतल्या केंद्रातून, आणि बाकीचं शरीर मंदावतं: श्वास मिनिटाला सहा-सात, आतडं थंड, जुनी बद्धकोष्ठता. फवारणीच्या विषात सगळं ओलं होतं, घाम, लाळ, जुलाब, छातीत पाणी. म्हणून बाहुली सोडून दे आणि पेशंट ओला आहे की कोरडा ते बघ. नॅलॉक्सोनचा परिणाम अफूच्या परिणामापेक्षा लवकर ओसरतो, म्हणून शुद्धीवर आलेला पेशंट तासाभराने पुन्हा बुडू शकतो आणि डोस पुन्हा द्यावा लागतो. आणि अफू अचानक तुटली की सगळं उलटं होतं: बाहुल्या मोठ्या, जुलाब, नाक वाहणं, जांभया, अंगावर काटा. विथड्रॉवलची यादी पाठ करायची गरजच उरत नाही, अफूचा परिणाम उलटा लिहिलास की झाली. पाठ एवढंच ठेव, की सवय झाली तरी बाहुली आणि बद्धकोष्ठता या दोन गोष्टींना शरीर सरावत नाही.

आणि तिसरा, आपल्या भागातला सगळ्यात दुःखद. गव्हाच्या कोठीत ठेवतात त्या सल्फासच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. नावात फॉस्फ आहे म्हणून मुलं ॲट्रोपिनवर खूण करून मोकळी होतात. पण इथे पोटात फॉस्फिन वायू सुटतो आणि तो पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम ऑक्सिडेजला धरतो. रक्तात प्राणवायू असूनही पेशीला वापरता येत नाही. त्यामुळे रक्तदाब कोसळतो, ॲसिडोसिस होतो आणि हृदयाची लय बिघडते. लाळ नाही, बाहुली बारीक नाही, आणि याला उतारा नाही. साखळी माहीत असेल तर ‘उतारा नाही’ हा पर्याय निवडायला हात कापत नाही.

तर कागदावर लिहायची पद्धत सांगते. एक रोग घे आणि पान आडवं धर. डावीकडे निरोगी माणसात काय चालतं ते लिही, दोन-तीन ओळीत. मग कोणती कडी तुटली. मग तुटल्यामुळे पुढे काय काय घडत गेलं, बाणांनी. लक्षणं त्या बाणांच्या खाली आपोआप येऊन बसतात. मग लाल पेनाने प्रत्येक औषध ज्या कडीला हात घालतं तिथे लिही. आणि शेवटी स्वतःला विचार: हीच कडी शरीरात आणखी कुठे आहे? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे साइड इफेक्ट. निम्म्याहून जास्त साइड इफेक्ट म्हणजे औषधाचं तेच काम, फक्त नको त्या जागी झालेलं. मुलं ही शेवटची पायरी गाळतात आणि मग याद्या घोकत बसतात.

मूत्रपिंडाचं पान मी मुलांकडून सगळ्यात आधी लिहून घेते, कारण रक्तदाब, मधुमेह, हृदय आणि दुखण्याच्या गोळ्या हे सगळे तिथे भेटतात. नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने पठारावर चढवून आपल्याकडे येतं. घराघरांत हौद, गच्चीवर टाकी, तिच्याखाली फिल्टर. फिल्टरच्या आधी एक कॉक, नंतर एक कॉक. पाणी गाळलं जातं ते मधल्या दाबामुळे. मूत्रपिंडातली गाळणी, म्हणजे ग्लोमेरुलस, तिचं तसंच समज. आत येणारी धमनिका प्रोस्टाग्लँडिनमुळे उघडी राहते, बाहेर जाणारी अँजिओटेन्सिन-२ मुळे आवळली जाते. शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंड आतला कॉक सैल करतं, बाहेरचा आवळतं आणि दाब टिकवून धरतं.

आता औषधं घाल. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या अँजिओटेन्सिन-२ बनवणारं एसीई हे एन्झाइम अडवतात आणि बाहेरचा कॉक सैल करतात. मधुमेहाच्या पेशंटमध्ये फिल्टरवर जास्तीचा दाब असतो, तो उतरतो आणि लघवीतून जाणारी प्रथिनं कमी होतात, म्हणून फायदा. पण दोन्ही बाजूंच्या मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असतील तर आत येणारं पाणी आधीच कमी, बाहेरचा आवळलेला कॉक हाच आधार. तो सैल केला की गाळणं थांबतं आणि रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे गाळून जायचा कचरा, चढतं. फायदा आणि नुकसान एकाच कामातून, पेशंट वेगळा. वयस्कर पेशंट गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून स्वतःच डायक्लोफिनॅक आणून घेतात, त्याने आतला कॉक आवळतो. वर लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मुळात पाणीच कमी. तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड बसतं. मे महिन्याच्या उन्हात जुलाब झालेला असा पेशंट मी जवळजवळ दर वर्षी पाहते, आणि परीक्षेतही तोच पेशंट येतो.

याच पानावर आणखी दोन बाण काढ. एसीई हे एन्झाइम ब्रॅडिकायनिनही मोडतं. ते अडवलं की ब्रॅडिकायनिन साठतं, मग कोरडा खोकला, आणि क्वचित ओठ-जीभ सुजणं. लोसार्टन, टेल्मिसार्टन थेट रिसेप्टर अडवतात, एन्झाइमला हात लावत नाहीत, म्हणून खोकल्यासाठी त्यांच्यावर बदलतात. दुसरा बाण अल्डोस्टेरॉन या हॉर्मोनचा. अँजिओटेन्सिन-२ कमी झालं की तेही घटतं, आणि ते घटलं की पोटॅशियम बाहेर टाकलं जात नाही. म्हणून अल्डोस्टेरॉनलाच अडवणारं स्पिरोनोलॅक्टोन जोडलं तर पोटॅशियम तपासत राहायचं. मधुमेहाच्या नव्या एसजीएलटी-२ गोळ्यांनी सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर का जातं, तेही इथेच बसतं. या गोळ्यांमुळे जास्त सोडियम पुढे पोचलं की मॅक्युला डेन्सा, म्हणजे तिथल्या सोडियम मोजणाऱ्या पेशी, आतला कॉक आवळते. एवढं पान झालं की निदान दहा प्रश्न एका जागी आले.

नेफ्रोटिक सिंड्रोमवर फार वेळ घालवू नकोस, ती साखळी लहान आणि सुबक आहे. मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं लघवीत गळतात. अल्ब्युमिन गळतं, म्हणून सूज. भरून काढायला यकृत जोमाने काम करतं, त्यात लिपोप्रोटीनही जास्त बनतात, म्हणून कोलेस्टेरॉल. रक्त गोठू न देणारं अँटिथ्रॉम्बिन गळतं, म्हणून गुठळ्या. इम्युनोग्लोब्युलिन गळतात, म्हणून संसर्ग. लहान मुलात बहुतेक वेळा ‘मिनिमल चेंज’ हा प्रकार, तो स्टिरॉइडला ऐकतो.

क्षयरोगाकडे मात्र नीट वळ. मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिलींच्या कामात किती मजुरांची फुप्फुसं गेली, हे आपल्या भागातल्या जुन्या डॉक्टरांना माहीत आहे. सिलिकाचा कण फुप्फुसातली मॅक्रोफेज पेशी गिळते, पण पचवू शकत नाही. कण आतली पिशवी फोडतो, पेशी ओरडते, म्हणजे दाहाचे निरोप सोडते, तंतू वाढत जातात. शिवाय तीच मॅक्रोफेज क्षयाच्या जंतूला रोखून धरणारी पहारेकरी. पहारेकरीच कोलमडली की क्षयरोगाला वाट मोकळी. सिलिकोसिसच्या पेशंटमध्ये क्षयरोग जास्त का, याचं उत्तर एवढंच.

औषधांत आयसोनियाझिड बघ. जंतूच्या भिंतीतलं मायकोलिक ॲसिड ते बनू देत नाही. पण जंतूचंच कॅटजी एन्झाइम त्याला चेतवतं. कॅटजी बिघडलेला जंतू म्हणजे प्रतिकार. शरीरात हे औषध बी-६ जीवनसत्त्व निकामी करतं. आता बी-६ कुठे कुठे लागतं? नसांना लागतं, म्हणून पायांत मुंग्या. मेंदूत ग्लुटामेटचं, मेंदूला शांत ठेवणारं, गाबा करायला लागतं, म्हणून जास्त डोस पोटात गेल्यावर येणारे झटके डायझेपामला जुमानत नाहीत आणि पायरिडॉक्सिनने थांबतात. हिमोग्लोबिनमधलं हीम बनवायच्या पहिल्या पायरीला लागतं, म्हणून सिडरोब्लास्टिक ॲनिमिया. नसा, मेंदू, रक्त अशा तीन वेगवेगळ्या प्रकरणांतले तीन प्रश्न एका जीवनसत्त्वावर येऊन मिळतात. मला स्वतःला विद्यार्थी असताना हे जेव्हा दिसलं तेव्हा इतका आनंद झाला होता, की मी मैत्रिणीला रात्री उठवून सांगितलं.

रिफाम्पिसिन जंतूचा आरएनए पॉलिमरेज अडवतं. शिवाय यकृताची औषधं मोडणारी एन्झाइम वाढवतं. गर्भनिरोधक गोळी लवकर मोडली जाते, आणि ‘गोळ्या नियमित घेऊनही गर्भ राहिला’ हा प्रश्न स्त्रीरोगाच्या भागात येतो. पायराझिनामाइड युरिक ॲसिड अडवून धरतं. इथॅम्ब्युटॉल आणि डोळ्यांची नस, ही जोडी मात्र पाठच कर.

सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार तुला टाळता येणार नाही, आणि टाळूही नकोस. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानीकडची लेकरं इंदूरला येतात, ती पुढे तुझे पेशंट असणार आहेत. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, त्यामुळे कम्युनिटी मेडिसिनवालेही हे विचारू शकतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. प्राणवायू सुटला की हे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते. गर्भातलं हिमोग्लोबिन या दोऱ्यांत सामील होत नाही. म्हणून बाळ साधारण सहा महिन्यांपर्यंत ठीक असतं, आणि म्हणूनच हायड्रॉक्सीयुरिया उपयोगी पडतं, ते गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं. पण ते काम करतं रायबोन्युक्लिओटाइड रिडक्टेज अडवून, म्हणजे डीएनए बनण्याची कडी धरून. ही कडी हाडांतल्या मज्जेतल्या प्रत्येक पेशीत आहे, मग पांढऱ्या पेशी घटणार. प्लीहा वारंवार गुदमरून आकसते, मग तिने रोखायचे ते कवचवाले जंतू, न्यूमोकॉकस, माजतात, म्हणून लहानपणी पेनिसिलिन. लाल पेशी १२० दिवसांऐवजी वीसेक दिवसच जगते, म्हणजे मज्जा रात्रंदिवस राबत असते. तिला पार्व्होव्हायरसने आठवडाभर थांबवलं की हिमोग्लोबिन एकदम कोसळतं. तुला-मला तोच विषाणू झाला तर कळणारही नाही.

आता दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर मी तुझी दिशाभूल केली असं होईल. सगळंच साखळीतून निघत नाही. क्लोझॅपिन या मानसिक आजारावरच्या औषधाने पांढऱ्या पेशी का जातात हे तुला परीक्षेच्या हॉलमध्ये तर्काने सापडणार नाही. कोणती औषधं यकृताची एन्झाइम वाढवतात आणि कोणती दाबतात, गर्भाला कोणतं औषध काय करतं, कॅन्सरमधले क्रोमोझोमचे आकडे, ट्यूमर मार्कर, हे सरळ पाठांतर आहे. त्याचे चिठ्ठीएवढे कागद कर, खिशात ठेव, सिटी बसमध्ये, रांगेत, कुठेही काढ. मात्र पाठ केलेल्या आकड्याला साखळीचा धागा मिळाला तर तो जोडून घे. रक्ताच्या एका कॅन्सरमधलं नऊ-बावीस, म्हणजे त्या दोन क्रोमोझोमची अदलाबदल, पाठ केलंस, तर पुढे लिही: दोन जनुकं जोडली गेली, सतत चालू राहणारं टायरोसिन कायनेज हे एन्झाइम बनलं, इमॅटिनिब हे औषध त्यालाच बंद करतं. रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरमधल्या पंधरा-सतरामध्ये पेशी वाढीच्या मधल्या टप्प्यावर अडकते, एटीआरए हे औषध तिला पुढे ढकलतं. धागा जोडलेला आकडा सहसा विसरत नाही.

भाषेचं एक बोलते, कारण त्याची तुला लाज वाटते असं तुझ्या लिहिण्यातून जाणवलं. आपण घरी मराठी बोलतो, रस्त्यावर हिंदी, पेपर इंग्रजीत. तू तिकडे शिकलास तेव्हा रशियनही कानावर होती. साखळी मनात कोणत्या भाषेत बनते? ज्या भाषेत तू “मग असं का?” विचारतोस त्या. ती मराठी असेल तर साखळी मराठीत बांध. आपल्या राज्यात १६ ऑक्टोबर २०२२ ला भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं निघाली, तेव्हा पुष्कळ वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. पण आपल्या भाषेत समजून घेण्याने समज उथळ होते, असं मला एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यात दिसलेलं नाही. संज्ञा इंग्रजीच ठेव, पर्याय इंग्रजीतच येणार आहेत. मधले बाण मराठीत बोल, आणि मोठ्याने बोल. आईला स्वयंपाकघरात उभं करून सांग. ती डॉक्टर नाही हे उत्तमच, ती नेमकं तिथेच थांबवेल जिथे तू एक कडी गाळली असशील.

दहा आठवड्यांचं बोलू. पहिले सहा आठवडे, रविवार सोडून रोज दोन साखळ्या, म्हणजे सुमारे सत्तर पानं होतील. तेवढ्यात हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस, रक्त, थायरॉइड-मधुमेह, मेंदू आणि संसर्ग यांतलं बहुतेक सगळं येतं. एका पानाला पाऊण तासापेक्षा जास्त नको. दुपारची वेळ कम्युनिटी मेडिसिनला दे, त्याचे ३० मार्क आहेत आणि ते कष्टाला लगेच फळ देतात. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने तेच पान न बघता पुन्हा काढायचं. चुकलेली कडी हिरव्या पेनाने भर. पुन्हा वाचणं मात्र बंद. चौथ्यांदा वाचलंस तरी “कळतंय” हीच भावना होईल आणि तीच तुला फसवते आहे.

प्रश्न पहिल्या दिवसापासून सोडव, रोज पन्नास. अभ्यास पूर्ण झाल्यावर प्रश्न सोडवीन, हे म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत, अभ्यास कधी पूर्ण होत नाही. चुकलेल्या प्रश्नासमोर एक अक्षर लिही: माहीतच नव्हतं तर ‘न’, कडी निसटली तर ‘क’, घाईत वाचलं तर ‘घ’. पंधरा दिवसांनी मोज. तुझ्या १४१ मार्कांवरून मला वाटतं ‘क’ आणि ‘घ’ जास्त निघतील. ‘घ’ जास्त असतील तर आणखी पुस्तकं वाचून काही उपयोग नाही. प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लाव, म्हणजे निदान विचारलंय, पुढची तपासणी की औषध, ते आधी कळतं आणि मग वरची गोष्ट त्या नजरेने वाचता येते. ‘सोडून’, ‘नाही’ अशा शब्दांखाली नजर थांबव.

सातव्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा १५० प्रश्न १५० मिनिटांत, मधे फोन नाही, पाणीसुद्धा आधीच पिऊन. शेवटचा आठवडा फक्त तुझी स्वतःची पानं आणि चिठ्ठ्या. त्या आठवड्यात कुणी नवा ‘हाय यील्ड’ पीडीएफ पाठवला तर उघडू नकोस. हॉलमध्ये एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, आणि पहिलं उत्तर तेव्हाच बदलायचं जेव्हा कोणती कडी चुकली होती हे तुला बोटाने दाखवता येईल. नुसतं मन चलबिचल झालं म्हणून नाही. दोनदा नापास झालेली मुलं स्वतःच्या पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायला घाबरतात, आणि त्यात त्यांचे चार-पाच मार्क जातात. ती भीती मी समजू शकते, सहा वर्षं घरापासून लांब राहून, आई-वडिलांनी कर्ज काढून हे केलेलं असतं.

क्लासचं विचारलंस. पूर्ण क्लास पुन्हा लावू नकोस. तिथे पुन्हा कुणीतरी साखळी बांधून दाखवेल आणि तुला पुन्हा “कळेल”. फक्त टेस्ट सिरीज घे, तेवढी पुरे. पुस्तकही बदलू नकोस, ज्यावर तुझ्या खुणा आहेत तेच ठेव, अडलं की उघडायला.

रविवारी सकाळी साडेसातला रामबागेत माझ्याकडे ये. कोरी वही, लाल आणि हिरवं पेन आण, पुस्तक घरी ठेव. पहिलं पान हार्ट फेल्युअरचं घेऊ. हृदयाचं औषध डिगॉक्सिन पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं आणि पोटॅशियम त्याच जागेसाठी त्याच्याशी भांडतं, मग लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलं की पेशंटला उलट्या का होतात आणि पिवळं का दिसायला लागतं, ते तू मला समजावून सांगायचंस. नऊ वाजता पोहे-जिलेबी येईल, तोवर पान पूर्ण व्हायला हवं.